लशीच्या आधीची आठवण : मानमोडीपासून कोविशील्डपर्यंत

२६ ऑगस्ट २०२० रोजी पुण्याच्या भारती विद्यापीठाच्या रुग्णालयात कोविशील्ड लशीच्या भारतातील दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीला प्रारंभ झाला. त्या दिवसासाठी निवडलेल्या पाच स्वयंसेवकांपैकी तिघे अपात्र ठरले. ते आजारी नव्हते. त्यांच्या रक्तात करोना विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आधीच सापडली होती, आणि चाचणीच्या नियमांत अशा व्यक्तींना जागा नव्हती. उरलेल्या दोघांना लस टोचली गेली आणि बातम्यांचा सारा प्रकाश साहजिकच त्या दोघांवर पडला. मला मात्र त्या तिघांविषयी अधिक कुतूहल वाटत आले आहे.

पाचांत तीन हा योगायोगही असू शकला असता. परंतु त्याच महिन्यात पुण्यातील रक्तद्रव सर्वेक्षणाचे निष्कर्ष जाहीर झाले होते. सर्वाधिक बाधित अशा पाच प्रभागांतून जुलै-ऑगस्टमध्ये घेतलेल्या नमुन्यांपैकी ५१.५ टक्के नमुन्यांत प्रतिपिंडे आढळली होती. मुंबईत तीन विभागांत केलेल्या पाहणीत झोपडपट्टीत ५७ टक्के, तर झोपडपट्टीबाहेर १६ टक्के असे प्रमाण निघाले होते. म्हणजे लस येण्यापूर्वीच विषाणू घराघरांत जाऊन आला होता आणि लोकांच्या शरीरात आपली खूण ठेवून गेला होता. पुढे जी लस आली ती अशा लोकसमूहाला दिली गेली, ज्यातील फार मोठा भाग त्या विषाणूला ओळखत होता. लशीच्या परिणामाचा विचार या पूर्वओळखीला वगळून करता येतो का, हा प्रश्न करोनाच्या निमित्ताने सर्वसामान्यांपर्यंत पोचला. पण तो नवा नाही. त्याचा इतिहास इन्फ्लूएन्झाच्या साथींशी जोडलेला आहे, आणि त्या इतिहासातील बरीच पाने आपल्या मुलखातली आहेत.

१९१८ च्या जूनपासून सुरुवात करू. त्या महिन्याच्या १० तारखेला मुंबईच्या गोदीत पहाऱ्यावर असलेले सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. हा हिवताप नव्हता. त्याच सुमारास बंदरात सैनिकांची ने-आण करणारी जहाजे येत होती. काही आठवड्यांत ताप शहरभर पसरला, पण ही पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरमध्ये दुसरी लाट आली आणि ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. तिथून रेल्वेच्या मार्गाने ती दख्खनेत, मध्य प्रांतात आणि उत्तरेकडे पंजाबपर्यंत गेली. महाराष्ट्रातल्या वृद्धांच्या बोलण्यात ती ‘मानमोडी’ या नावाने कितीतरी वर्षे राहिली. हिंदुस्थानात तिने सव्वा कोटीच्या आसपास, काही अंदाजांनुसार त्याहूनही अधिक माणसे नेली. जगात दुसऱ्या कुठल्याही देशाने एवढी माणसे गमावली नाहीत.

त्या साथीतली सर्वांत विचित्र गोष्ट म्हणजे मृतांचे वय. एरवी इन्फ्लूएन्झा तान्ह्या मुलांना आणि म्हाताऱ्यांना गाठतो. १९१८ मध्ये वीस ते चाळीस वर्षे वयाची, कमावती, धडधाकट माणसे मोठ्या संख्येने मेली. आणि साठी ओलांडलेल्यांना मात्र अपेक्षेपेक्षा कमी झळ बसली. उपासमार, त्या वर्षीचा दुष्काळ, युद्धामुळे झालेली महागाई, घरातील आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांवरील भार या सर्वांचा हिंदुस्थानातील मृत्यूंत वाटा होता. तो कमी लेखता येणार नाही. पण तरुणांचे हे जादा मृत्यू सुखवस्तू देशांतही दिसले. म्हणून कारण आणखी कुठेतरी शोधावे लागते.

२०१४ मध्ये मायकेल वोरोबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक उत्तर मांडले. १८८९-९० मध्ये जगभर इन्फ्लूएन्झासारखी मोठी साथ आली होती व ती १८९० मध्ये हिंदुस्थानातही पोचली होती. तिचा विषाणू एच-३ गटातला असावा, असे हे संशोधक मानतात. १९१८ चा विषाणू एच-१ गटातला होता. सुमारे १८८० ते १९०० या काळात जन्मलेल्यांच्या शरीराने आयुष्यात पहिल्यांदा जो इन्फ्लूएन्झा पाहिला तो एच-३ सारखा. त्यांची प्रतिकारशक्ती त्याच शत्रूच्या मापाने घडली. वेगळ्या गटाचा शत्रू आला तेव्हा ती तोकडी पडली. त्याआधी जन्मलेल्या वृद्धांनी बालपणी एच-१ शी मिळताजुळता विषाणू पाहिला असावा, म्हणून ते बचावले. हा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे; १८८९ चा विषाणू आज कोणाच्या हाती नाही, आणि ती साथ मुळात इन्फ्लूएन्झाची होती का, याविषयीही मतभेद आहेत. तरीही मृत्यूंच्या वयाचा आलेख समजावून देणारे याहून समाधानकारक उत्तर माझ्या वाचनात आलेले नाही.

जन्मसालावरून प्रतिकारशक्ती ओळखता येते, ही कल्पना प्रयोगातून पुढे आली ती १९५० च्या दशकात, अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात. थॉमस फ्रान्सिस हे तिथले साथरोगतज्ज्ञ. पोलिओ लस शोधणारे जोनास साल्क यांचे ते गुरू, आणि त्याच लशीच्या १९५४ मधील प्रचंड चाचणीचे प्रमुख. फ्रान्सिस आणि त्यांचे सहकारी डॅव्हनपोर्ट व हेनेसी यांनी वेगवेगळ्या वयाच्या लोकांचे रक्तद्रव घेऊन वेगवेगळ्या सालांच्या इन्फ्लूएन्झा विषाणूंशी त्याची गाठ घालून पाहिली. प्रत्येक वयोगटात सर्वाधिक प्रतिपिंडे आढळली ती त्या पिढीच्या बालपणी प्रचलित असलेल्या विषाणूविरुद्ध. पुढच्या आयुष्यात त्या लोकांना कितीतरी नवे विषाणू भेटले होते, काहींनी लसही घेतली होती. पण प्रत्येक नव्या भेटीला शरीर जुन्याच विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे जोमाने वाढवून उत्तर देत होते. १९६० मध्ये फ्रान्सिस यांनी या घटनेला ख्रिस्ती धर्मकल्पनेतून उचललेले नाव दिले : ‘मूळ प्रतिजनीय पाप’. नाव चटकदार होते म्हणून टिकले, आणि माझ्या मते त्यानेच पुढे गोंधळही पुष्कळ केला. पाप म्हटले की वाईट हा अर्थ येतोच. खुद्द फ्रान्सिस यांनी मात्र त्याच निबंधात उलट बाजूही सुचवली होती. पहिला ठसा इतका टिकाऊ असेल, तर तो रोगाऐवजी विचारपूर्वक बनवलेल्या लशीने बालपणीच का उमटवू नये, असा त्यांचा प्रश्न होता. आजचे संशोधक ‘पाप’ टाळून ‘ठसा’ हाच शब्द पसंत करतात. मीही तोच वापरतो.

ठसा उमटतो कसा? विषाणू पहिल्यांदा शिरतो तेव्हा लक्षावधी प्रकारच्या बी-पेशींपैकी ज्या त्याच्या पृष्ठभागावरील एखाद्या भागाला जुळतात त्या वाढू लागतात, लसिकाग्रंथींत त्यांच्या जनुकांत बारीक बदल होत जातात आणि अधिक घट्ट जुळणाऱ्या पेशी निवडल्या जातात. संसर्ग ओसरल्यावर त्यांतील काही स्मृतिपेशी म्हणून उरतात. पुढच्या वेळी थोडा बदललेला विषाणू किंवा त्याची लस आली की या स्मृतिपेशी लगेच कामाला लागतात, कारण त्यांना नव्याने शिकायचे नसते. जुन्या व नव्या विषाणूत जो भाग समान असतो त्यावरच त्यांचा मारा असतो. नव्या भागांना ओळखू शकणाऱ्या कोऱ्या पेशी अजून जाग्या होत असतानाच स्मृतिपेशींनी बनवलेली प्रतिपिंडे प्रतिजन झाकून टाकतात किंवा तो झटपट नाहीसा करतात. कोऱ्या पेशींना शिकायला पुरेसे साहित्यच उरत नाही. समान भाग विषाणूला निष्प्रभ करणारा असेल तर हा वेग वरदान ठरतो. तो भाग कुचकामी असेल, तर शरीर उत्साहाने चुकीच्या ठिकाणी मारा करत राहते.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात ओळखीचे काहीतरी दिसेल. लोखंडाच्या तुकड्यावर आज अमुक चुंबकीय क्षेत्र लावले तर त्याचे चुंबकन किती होईल, हे फक्त आजच्या क्षेत्रावरून सांगता येत नाही; त्यावर यापूर्वी कोणती क्षेत्रे लावली गेली होती ते माहीत असावे लागते. हिस्टेरेसिस म्हणतात ती हीच. हे केवळ साम्य म्हणून सांगत नाही. या विषयात भौतिकशास्त्रज्ञांनी खरोखर काम केले आहे. इंग्लंडमधील एका निवासी शाळेत १९७० च्या दशकात दरवर्षी इन्फ्लूएन्झाची लस दिली जात असे. पहिल्यांदा लस घेतलेल्या मुलांना संरक्षण मिळे, पण वर्षानुवर्षे घेणाऱ्यांना एकूण हिशेबात न घेणाऱ्यांपेक्षा फारसा लाभ झालेला दिसला नाही. १९७९ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि वीस वर्षे वाद चालला, कारण इतर पाहण्यांत असे काही दिसत नव्हते. १९९९ मध्ये डेरेक स्मिथ आणि लॉस अलामोसचे ॲलन पेरेलसन (मूळचे भौतिकीकडून आलेले) यांनी संगणकीय प्रतिरूपाच्या आधारे दाखवले की दोन्ही बाजू बरोबर असू शकतात. पहिली लस, दुसरी लस आणि प्रत्यक्ष साथीचा विषाणू या तिघांमधील अंतरांवर सारे अवलंबून आहे. दोन्ही लशी एकमेकींच्या अगदी जवळच्या असतील आणि साथीचा विषाणू पहिलीपासून दूर गेलेला असेल, तर पहिलीची स्मृती दुसरीचे काम हाणून पाडते. अंतरे वेगळी असतील तर हीच स्मृती मदत करते. ‘दरवर्षी लस घ्यावी की नाही’ या प्रश्नाचे एकच उत्तर मागणाऱ्यांची यामुळे निराशा होते, पण वस्तुस्थिती तशी आहे.

आता पुन्हा पुण्याकडे येऊ. २००९ मध्ये स्वाइन फ्लू म्हणून ओळखला गेलेला नवा एच-१ विषाणू आला आणि ऑगस्टच्या आरंभी भारतातील त्याचा पहिला मृत्यू पुण्यात नोंदला गेला. मृत मुलगी शाळकरी वयाची होती. शहरातल्या शाळा, चित्रपटगृहे बंद झाली, तोंडाला रुमाल बांधलेली माणसे रस्तोरस्ती दिसू लागली. याही साथीत वृद्धांना लागण कमी झाली. कारण १९१८ च्या विषाणूचे वंशज १९५७ पर्यंत माणसांत फिरत होते, आणि त्यांतील जुन्या पिढ्यांच्या हिमॅग्लुटिनिन प्रथिनावरचा एक महत्त्वाचा भाग २००९ च्या विषाणूशी आश्चर्यकारकरीत्या जुळत होता. ज्यांचे बालपण मानमोडीनंतरच्या दशकांत गेले, त्यांच्या शरीरात या नव्या पाहुण्याची नोंद आधीच होती. ज्या विषाणूने एका पिढीला झोडपले त्याचीच आठवण पुढच्या पिढीच्या नव्वद वर्षांनंतर उपयोगी पडावी, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत विलक्षण पान वाटते.

त्या साथीवर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने जुलै २०१० मध्ये ‘नेझोव्हॅक’ ही नाकात फवारायची लस आणली. तिच्यात जिवंत पण दुर्बल केलेला विषाणू होता. अशा लशीची गंमत अशी की तिचा विषाणू नाकात थोडा वाढला तरच ती काम करते; शरीराला तो आधीच परिचित असेल तर वाढण्यापूर्वीच गारद होऊ शकतो. याच लशीच्या पुढच्या, तीन विषाणू असलेल्या आवृत्तीची २०१३ मध्ये बांगलादेश आणि सेनेगल येथे दोन ते पाच वर्षांखालील मुलांत चाचणी झाली. लस तीच, वर्ष तेच, मुलांचे वय तेच. बांगलादेशात लशीतील विषाणूंशी जुळणाऱ्या इन्फ्लूएन्झाविरुद्ध तिने सुमारे ५७ टक्के संरक्षण दिले. सेनेगलमध्ये परिणाम शून्य. हे सारे पूर्वस्मृतीमुळे झाले असे म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे. लशीतील २००९ चा एच-१ घटक मुळातच नाकात नीट वाढत नसे, हा दोष पुढे स्पष्ट झाला. गाम्बियातील मुलांत २०१८ मध्ये तो घटक बदलून पाहिला तेव्हा प्रतिसाद सुधारला. सेनेगलच्या मुलांच्या पूर्वीच्या संसर्गांचा वाटा किती होता हे मात्र अद्याप वादाचेच आहे. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे की एकाच कुपीतल्या द्रवाला दोन देशांतील बालकांच्या नाकांनी दोन उत्तरे दिली, आणि त्याचे कारण शोधताना मुलांच्या आधीच्या संसर्गांचा विचार करावाच लागला.

कोविशील्डच्या रचनेतही हा विचार दडलेला आहे. तो फारसा सांगितला गेला नाही. करोनाचे काटेरी प्रथिन शरीरात पोचवण्यासाठी या लशीत ॲडेनोविषाणूचे वाहन वापरले आहे. माणसांत सर्दी-पडसे घडवणारे ॲडेनोविषाणू कितीतरी आहेत आणि बहुतेक प्रौढांच्या रक्तात त्यांपैकी काहींविरुद्ध प्रतिपिंडे असतात. तसे वाहन वापरले तर माल पोचण्यापूर्वी शरीर वाहनच अडवील. ‘ॲडेनो-५’ या मानवी वाहनावर आधारलेल्या एचआयव्ही लशीची चाचणी २००७ मध्ये थांबवावी लागली होती, आणि त्या वाहनाविरुद्ध आधीच प्रतिपिंडे असलेल्यांपैकी काहींत लस घेतल्यावर लागणीचे प्रमाण उलट अधिक दिसले होते. म्हणून ऑक्सफर्डच्या संशोधकांनी चिंपँझीचा ॲडेनोविषाणू निवडला, जो माणसाने सहसा पाहिलेला नसतो. रशियाच्या स्पुटनिकने वेगळी वाट धरली : पहिल्या मात्रेला एक मानवी वाहन, दुसऱ्या मात्रेला दुसरे. कोविशील्डच्या दोन्ही मात्रांत वाहन एकच, त्यामुळे दुसऱ्या मात्रेच्या वेळी शरीर वाहनालाही ओळखू लागलेले असते. दोन मात्रांतील अंतर सहा आठवड्यांहून कमी असताना ५५ टक्के आणि बारा आठवडे किंवा अधिक असताना ८१ टक्के परिणामकारकता दिसली, त्यामागे हेही एक कारण असू शकते. पेशींना परिपक्व व्हायला मिळालेला वेळ हे दुसरे. भारताने मे २०२१ मध्ये हे अंतर बारा ते सोळा आठवडे केले, तेव्हा चर्चा बहुतांशी लशींच्या टंचाईचीच झाली.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट निरनिराळ्या देशांतील अभ्यासांतून पुढे येत होती. ज्यांना करोना होऊन गेला होता, त्यांच्यात पहिल्याच मात्रेनंतर प्रतिपिंडे भराभर वाढत होती आणि दुसऱ्या मात्रेची त्यात फारशी भर पडत नव्हती. फ्रान्सने फेब्रुवारी २०२१ मध्येच अशा व्यक्तींना एक मात्रा पुरे, अशी शिफारस केली. भारताने मे २०२१ मध्ये बरे झाल्यानंतर तीन महिने थांबा म्हटले, पण मात्रा दोनच ठेवल्या. एवढ्या मोठ्या देशात कोणाला होऊन गेला हे तपासत बसणे अवघड, म्हणून तो निर्णय व्यवहारतः योग्यच होता असे मला वाटते. परंतु जून-जुलै २०२१ च्या चौथ्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ६७.६ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली, तेव्हा देशातील फारच थोड्या प्रौढांच्या दोन्ही मात्रा झाल्या होत्या. म्हणजे आपल्याकडील लसीकरण बव्हंशी आधीच्या संसर्गावर चढवलेला मजला होता. येथे लस किती प्रभावी ठरली हे सांगताना पाया कोणाचा, मजला कोणाचा हे वेगळे करावे लागते, आणि ज्या चाचण्यांतून पाया असलेल्यांना दारातूनच परत पाठवले गेले त्या चाचण्या या कामी कमी पडतात. पुण्याच्या त्या तीन स्वयंसेवकांविषयी माझे कुतूहल इथून आले आहे. लशीचा शुद्ध परिणाम मोजण्यासाठी त्यांना वगळणे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होते. पण देशातील बहुसंख्य लोक त्या तिघांसारखे होत चालले होते, उरलेल्या दोघांसारखे नव्हे. त्यांच्यासाठी एक वेगळा गट ठेवला असता तर आज आपल्याजवळ जगाला देण्याजोगी माहिती असती.

ओमिक्रॉन आल्यावर ठशाची दुसरी, त्रासदायक बाजू दिसली. २०२२ मध्ये पाश्चात्त्य देशांनी मूळ विषाणू आणि ओमिक्रॉन अशा दोहोंची मिश्र लस दिली. शरीराने अपेक्षेप्रमाणे दोहोंत समान असलेल्या भागांविरुद्ध, म्हणजे जुन्या ओळखीविरुद्धच जोर लावला. निव्वळ ओमिक्रॉनला ओळखणारी नवी प्रतिपिंडे थोडीच निपजली. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्लागार गटाने यापुढील लशींतून मूळ विषाणू काढून टाकावा, असे सुचवले. पुढच्याच महिन्यात पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या, केवळ ओमिक्रॉनवर आधारलेल्या एमआरएनए लशीला भारतात मान्यता मिळाली; तोवर लोकांचा लस घेण्याचा उत्साह मावळला होता. ठसा अगदीच पुसता येत नाही असेही नाही. निष्क्रिय विषाणूची लस घेतलेल्या चिनी लोकांत ओमिक्रॉनशी दोनदा गाठ पडल्यावर जुन्या ठशाचा प्रभाव बराच ओसरल्याचे तिथल्या संशोधकांनी दाखवले आहे. आपली कोव्हॅक्सिनही निष्क्रिय विषाणूचीच लस आहे, त्यामुळे हा निष्कर्ष आपल्याला अधिक जवळचा.

मी राहतो त्या चंडीगढमध्ये या प्रश्नाची एक जिवंत प्रयोगशाळा वाढते आहे. २०२१ मध्ये, मुलांसाठी कोणतीही करोना लस उपलब्ध नसताना, येथील पीजीआय या संस्थेने शहर आणि परिसरातील सुमारे २,७०० मुलांचे रक्त तपासले व जवळपास ७१ टक्के मुलांत प्रतिपिंडे आढळली. ती सर्व संसर्गातून आलेली होती, ओमिक्रॉनच्या पूर्वीची. जानेवारी २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मुलांना कोव्हॅक्सिन मिळू लागली तेव्हा त्यांच्यातील बहुतेकांवर पहिला ठसा उमटून गेला होता. त्यांच्या धाकट्या भावंडांची गोष्ट निराळी. २०२२ नंतर जन्मलेल्या मुलांनी मूळ विषाणू पाहिलेलाच नाही. त्यांचा पहिला करोना ओमिक्रॉनच्या कुळातला. त्या दोहोंच्या मधली, २०२० च्या आसपास जन्मलेली मुले आणखी वेगळी : टाळेबंदीच्या काळात इन्फ्लूएन्झा जगभर जवळजवळ नाहीसा झाला होता, त्यामुळे या मुलांची इन्फ्लूएन्झाशी पहिली भेट लांबली, आणि ती कोणत्या गटाच्या विषाणूशी झाली हे कुठेच नोंदलेले नाही. आज ही तिन्ही वयांची मुले एकाच शाळेच्या बसमधून जातात. त्यांच्या रक्ताचे नमुने आत्ता, दरवर्षी थोडे थोडे, गोळा करून शीतकपाटांत ठेवणे फार खर्चाचे काम नाही. फ्रान्सिस यांच्यापाशीही सुरुवातीला याहून अधिक काही नव्हते : रक्तद्रवाच्या बाटल्या आणि प्रत्येकीवर लिहिलेले जन्मसाल.